मालूमामी सगळ्यांची गाणी म्हणते

मालू जिवंत असताना तिने जेवढी गाणी म्हटली, त्याहून जास्त ती गेल्यावर म्हणायला लागली. तिच्या नवऱ्याला, काशीरामला, हे कळलं ते पनवेलच्या तक्का भागातल्या सलूनमध्ये, गालाला फेस लावलेला असताना.

बाळू न्हाव्याच्या मोबाइलवर गाणं लागलं होतं. ढोलकी, मध्येच कसलीशी पिपाणी आणि वर बाईचा आवाज. 'मॅथ्स थ्री सुटंना गो, मॅथ्स थ्री सुटंना.' काशीराम खुर्चीत ताठ झाला. बाळूने वस्तरा वर उचलला.

"काका, हलू नका. कापंल."

"कोन गातंय?"

"मालूमामी. नेटवर जाम चालते. हे नागपूरच्या पोराने बनवलंय, इंजिनिअरिंगच्या…" बोलता बोलता बाळू थांबला. ज्यांच्या गालावर आपला वस्तरा आहे ते मालूमामीचेच मालक, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

काशीराम अर्धी दाढी घेऊनच घरी आला.

घरात भाची होती, प्राची. आपटा गावी दिलेल्या बहिणीची मुलगी, पनवेलला कॉलेजसाठी मामाकडे राहायची. मामाचं तोंड पाहून ती आधी हसली आणि मग गाण्याचं ऐकून गप्प झाली.

"मामा, मी सांगणारच होते."

"कवा? तिचं वर्षश्राद्ध झालं की."

प्राचीने सगळं सांगितलं. त्यातलं निम्मं काशीरामला ठाऊक होतं. मालू धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून वरात घरी येईपर्यंत प्रत्येक विधीला धवले म्हणणारी बाई लागते, ती धवलारीण. भटजीला उशीर झाला तर लोक थांबतात, पण धवलारिणीवाचून पाटसुद्धा मांडत नाहीत. मालू गव्हाणची, आणि उरणच्या रस्त्याला असं गाव नव्हतं जिथे तिने नवरी उभी केली नाही. काशीराम तेव्हा बर्फाचा टेम्पो चालवायचा. करंजाच्या बंदरात बर्फ उतरवून येताना कुठल्या तरी मांडवातून बायकोला उचलून आणायचा. दोघं घरी यायची तेव्हा तो गारठलेला आणि ती घसा बसलेली.

प्राचीने तिचा आवाज कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी घेतला होता. एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर असतं. माणसाच्या तोंडची सगळी अक्षरं एकेक करून त्यात भरायची, मग कॉम्प्युटर ती जोडून लिहाल ते गाणं म्हणतो. जपानमध्ये लोक असल्या आवाजांपायी वेडे आहेत. मालूला खोलीत बसवून, पंखा बंद करून, खिडकीला गोधड्या टांगून प्राचीने तिच्याकडून अख्खी बाराखडी म्हणवून घेतली होती. ते काशीरामने पाहिलं होतं, चहा करून दिला होता.

"मामी, सरळ म्हण. एकाच सुरात."

"सरलच तं म्हंतंय."

सरळ येत नव्हतंच. जन्मभर धवले म्हटलेली बाई. साधा 'का' म्हटला तरी शेवटी वर जायचा, कुणाला तरी ओट्यावरून हाक मारल्यासारखा. त्यात समोरच्या भीमाबाईचा कुकर. बरोबर 'ठ' म्हणताना त्याने शिट्टी दिली, आणि मालू म्हणाली, आता परत नाय म्हननार, घसा माजा हाय, कुकर तिचा हाय.

काशीरामला वाटलं होतं, कॉलेजात मार्क मिळाले, विषय संपला. पण प्राचीने तो आवाज नेटवर ठेवला होता, कुणीही घ्यावा असा. मालूला विचारूनच. मालू म्हणाली होती, "बोलवलं तं जायाचं. धवलारीन नाय म्हनत नाय."

आणि लोक बोलवत होते. एक नाशिकचा, एक कोल्हापूरची, एक दुबईत क्रेन चालवणारा. कुणी तिच्याकडून अंगाई म्हणवली, कुणी कळंबोली सर्कलच्या ट्रॅफिकवर लावणी. प्रत्येक 'ठ'च्या मागे भीमाबाईच्या कुकरची शिट्टी ऐकू यायची; त्यांना ती काढून टाकता आली असती, पण ती आली की हे लोक खाली टाळ्यांची चित्रं टाकायचे. मालूची रंगीत चित्रंही काढली होती. हिरवं लुगडं, कानावर हेडफोन आणि नाकात बांगडीएवढी नथ.

"नथ नाय घालायची ती," काशीराम म्हणाला. "नाक दुखायचं तिचं."

तेवढंच बोलून तो उरलेली दाढी करायला गेला. पण मनातून तो चिडला होता. ज्या तोंडाने गणपतीला आवतण दिलं त्या तोंडातून परकी पोरं नापास विषयांची रड काढतात, याला काय म्हणायचं? समोरच्या घरातली भीमाबाई, मालूच्या जोडीने वर्षानुवर्षं धवले म्हटलेली म्हातारी, तिला त्याने हे सांगितलं. त्याला वाटलं होतं तेवढं वाईट तिला वाटलं नाही.

"मंग माजा कुकर पन गाजतोय म्हन की," ती म्हणाली.

अशात बेलापूरच्या एका कंपनीचा शैलेश घरी आला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड, चपला दाराबाहेर काढून आला. त्यांची कंपनी एक गायिका बाजारात आणणार होती, आणि ती गायिका माणूस नव्हती. तिचं नाव रिया. पडद्यावर नाचणार, मॉलमध्ये कार्यक्रम करणार, हळदीची गाणी म्हणणार. तिला आवाज पाहिजे होता आणि त्यांना मालूमामीचा आवडला होता.

"एकच अट आहे, काका. आवाज फक्त आमच्याकडे राहील. नेटवरचा काढून टाकायचा. म्हणजे कोणीही उठून काहीही म्हणवणार नाही. आमच्याकडे प्रत्येक गाणं तपासलं जातं. मामींचा मान आम्ही सांभाळू."

'मान' हा शब्द काशीरामला बरोबर जाऊन लागला. इतके दिवस त्याला हाच शब्द सापडत नव्हता.

शैलेश गेल्यावर प्राची भांडी आदळत बसली.

"बोल काय ते."

"मी काय बोलू? बायको तुमची. तुम्ही म्हणालात तर आज काढून टाकते. पण मामा, ती पोरं मस्करी नाही करत. म्हणजे करतात, पण तिच्यावर नाही."

"शिस्त नाय त्यांना."

"नाहीच आहे."

"कंपनीला हाय."

"असेल," प्राची म्हणाली आणि पातेलं उपडं घातलं.

ठरल्या दिवशी दोघं बसने बेलापूरला गेली. काशीरामने लग्नाकार्याला घालायचा पांढरा सदरा घातला होता. काचेची इमारत, आत इतका एसी की त्याला बर्फाचा टेम्पो आठवला. शैलेशने त्यांना एका खोलीत बसवलं, कॉफी दिली. समोर भिंतभर पडदा. आणखी चार-पाच जण मागे येऊन उभे राहिले, घरचं नाटक बघायला उभे राहतात तसे.

पडद्यावर रिया आली. वय असेल एकोणीस-वीस, केस निळे, नऊवारी गुडघ्याच्या वर. काशीरामने पोरीकडे बघितलं आणि मग शिष्टाचार म्हणून तिच्या पायांवरून नजर काढून घेतली. गाणं सुरू झालं. हळदीचंच होतं, वाजवलं छान होतं. आवाज मालूचा होता, म्हणजे धुऊन, निळीत घालून, कडक इस्त्री केलेली मालू. कुकर नव्हता. शेवटी वर जाणारा सूर कापलेला होता, प्रत्येक अक्षर जिथल्या तिथे. तरीपण मालूच होती. काशीरामचे डोळे भरून आले आणि ते बघून मागच्या लोकांना बरं वाटलं.

"कसं वाटलं, काका?"

"चांगलं हाय," तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. प्राचीने खिडकीबाहेर बघितलं.

शैलेशने कागद पुढे सरकवले, पेन उघडून दिलं. काशीराम सही करायला वाकला, तेवढ्यात शैलेश म्हणाला, "थांबा. सहीच्या आधी एक छोटं सरप्राइज. आमच्या टीमने खास तुमच्यासाठी केलंय."

पडद्यावरच्या रियाने निळे केस मागे टाकले, हात जोडले आणि मालूच्या आवाजात म्हणाली, "काशीराम, मी खूश आहे. तुम्ही माझी काळजी करू नका, काशीराम."

मागचे सगळे पुढे सरकले. एका मुलीने तर आधीच रुमाल काढला होता.

काशीराम पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने वळून मागे बघितलं, नाव घेऊन कोणी बाहेरचं बोलावतंय का ते पाहायला. मग पेनाला टोपण लावलं.

"ही माजी बायको नाय," तो म्हणाला.

शैलेश हसला. "आवाज त्यांचाच आहे, काका. शंभर टक्के."

"आवाज असंल. पन तिने माजं नाव कदी घेतलं नाय."

"म्हणजे?"

म्हणजे काय, हे त्या खोलीत समजावून सांगायचं कसं? मालूने शेकडो नवरदेवांची नावं मांडवात खड्या आवाजात गायली होती. स्वतःच्या नवऱ्याचं एकदाही उच्चारलं नाही. उखाण्याचा आग्रह झाला तर 'तीर्थाचं गाव नि त्यात राम' असं कोडं घालून मोकळी व्हायची. शेवटच्या आजारात हॉस्पिटलच्या खिडकीवरच्या पोराने नवऱ्याचं नाव विचारलं, तर इतका दम लागलेला असतानाही म्हणाली, "हे काय उबे हायत, यांनाच इचारा." त्याला बोलवायचं तर एकच हाक, 'ऐकलाव का'. बर्फाच्या कारखान्यात मशिनं धडधडत असली तरी ती हाक त्याला ऐकू यायची.

यातलं काशीराम थोडंसं बोलला, थोडं प्राचीने सांगितलं. शैलेश बिचारा खरंच ओशाळला.

"सॉरी, काका. आम्हाला कल्पना नव्हती. ती लाइन लगेच काढू. आपण त्या जागी 'अहो' टाकू."

"तुमी चांगल्या मनाने केलं," काशीराम म्हणाला. "पन उद्या अजून काय तरी चांगल्या मनाने कराल. तवा मी नसेन सांगायला."

"आमचं सगळं तपासून असतं, काका."

"हे पन तपासलंच असंल ना?"

शैलेशने कागद गोळा केले. त्याने कॉफी संपवून जायचा आग्रह केला, आणि काशीरामने ती संपवली, कारण कॉफीचा काही दोष नव्हता.

परत येताना बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. खारघर गेल्यावर काशीराम म्हणाला, "ती तुजी पोरं. त्यांनी घेतलं का कदी माजं नाव? तिच्या तोंडून?"

"नाही."

"त्यांना ठाऊकच नसंल."

"ठाऊक आहे. कोल्हापूरच्या किशोरीने एकदा उखाण्याचं गाणं करायचं काढलं होतं. मला विचारलं, मामांचं नाव काय. मी म्हटलं, मामी घेत नाही. तर दोन दिवस त्यांची भांडणं. एक म्हणाला, मशीनच आहे, काय होतंय. बाकीचे त्याच्यावर तुटून पडले. तो दुबईचा क्रेनवाला म्हणाला, माझी आईपण घेत नाही. मग ठरलं, घ्यायचं नाही."

"कोनी ठरवलं?"

"सगळ्यांनी. तिथे साहेब कोण नाहीच."

काशीराम खिडकीबाहेर बघत बसला. उतरायच्या आधी म्हणाला, "नथीचं मात्र सांग त्यांना."

दोन-चार दिवसांनी एका दुपारी तो आपण होऊन प्राचीच्या कॉम्प्युटरपाशी येऊन बसला. मला पण एक म्हनवायचं हाय, म्हणाला. प्राचीने जागा दिली. अक्षरं भरायची, सूर खालीवर करायचा, सगळं दाखवलं. टेम्पोचं स्टिअरिंग धरणाऱ्या हाताला तो उंदीर काही ऐकेना. पण जेवायच्या वेळेपर्यंत एक हाक तयार झाली.

'ऐकलाव का.'

शेवटी सूर वर गेला. काशीराम "ओ" म्हणाला, तोंडातून निघूनच गेलं ते. प्राची स्क्रीनकडेच बघत राहिली.

"पुढे काय लिहू, मामा?"

पुढे काय, ते त्याला सुचेना. इतकी वर्षं हाक ऐकली, पण तिच्या मागून काय यायचं ते आठवायला गेलं की नुसता ढीग. दिव्यात तेल घाला, चावी कुठे ठेवली, भीमाबाईकडे ताट नेऊन द्या. त्यातलं कुठलं एक निवडायचं? निवडलं तर ते आपलंच बोलणं होईल, तिचं नव्हे.

"एवडंच टाक," तो म्हणाला. "पुढचं त्यांना लिहू दे."

प्राचीने तसंच टाकलं. खाली लिहिलं, मामांनी बनवलंय, पुढचं तुम्ही बनवा.

आठवडाभर नुसता पूर आला. नाशिकच्याने म्हणवलं, ऐकलाव का, गॅस बंद केला का बघा. दुबईवाल्याने म्हणवलं, ऐकलाव का, जेवून घ्या, नंतर बातम्या. एकाने भलताच सूर लावून गुडघ्याला तेल चोळायला सांगितलं. काशीराम रोज सकाळी खुर्ची ओढून बसायचा आणि एकेक ऐकायचा. काही ऐकून म्हणायचा, हे ती बोलली नसती. काही ऐकून उठायचा आणि खरंच गॅस बघून यायचा.

रविवारी किशोरीचं आलं. मागे काही वाजवलेलं नव्हतं, नुसता आवाज. 'ऐकलाव का, नाक्यावर चाललाव तं कोथिंबीर आना.'

काशीराम नाक्यावर चालला नव्हता. तरी त्याने खुंटीची पिशवी काढली, चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं. समोरच्या ओट्यावर भीमाबाई ऊन खात बसली होती.

"कुटं रं, काशीराम?"

"कोथिंबीर आनाया."

"कशात घालनार हायस?"

"त्ये अजून सांगितलं नाय," काशीराम म्हणाला, आणि उरण नाक्याच्या दिशेने चालायला लागला.