खांद्याच्या पट्ट्या

रिओतारोने मंगळवारी सांगितलं, आमच्या लेकीला, मिओरीला न्हाऊ घालताना. कानात पाणी जाऊ नये म्हणून त्याने दोन बोटांनी तिचे दोन्ही कान दाबून धरले होते.

"यापुढे सामन्यात पहिल्यापासून चेंडू मी टाकायचे नाहीत. गरज पडली तर शेवटी उतरायचं. चौथ्या इनिंगनंतर माझा हात पडतो म्हणतात." मग म्हणाला, "पडतोच."

मला आधी रविवार आठवला. रविवारच्या बेसबॉल सामन्यात पहिला चेंडू आपला जावई टाकणार म्हणून बाबांच्या गल्लीतले सतरा जण बस करून येणार होते. बाबा तोफूचं दुकान बंद ठेवणार होते. आई गेली ते दोन दिवस सोडले तर ते कधी बंद नव्हतं.

खरं सांगायलाच मी फोन लावला.

"मासेवाल्या मोरिवाकी काकूंनी फलक शिवलाय," बाबा म्हणाले. "'पहिला चेंडू आमचा.' अक्षरं जरा तिरकी आलीत, पण लांबून दिसतील."

माझ्या तोंडून निघून गेलं, "त्याचा खांदा दुखतोय, बाबा. या रविवारी सुरुवात दुसरा कुणी करेल."

"मग तर यायलाच हवं."

रिओतारोला मी यातलं काही सांगितलं नाही.

रविवारी प्रेक्षकांत मोरिवाकी काकू फलकाची घडी मांडीवर घेऊन बसल्या. "पुढच्या वेळी लावू गं, साएको. खांदा म्हणजे काय कपबशी आहे, फुटली की गेली?"

नऊपैकी आठव्या इनिंगला रिओतारो उतरला. तीन फलंदाज आले आणि तिघेही चेंडूला न शिवता परत गेले.

"दुखऱ्या खांद्याने हे," काकू म्हणाल्या, "बरा झाला की काय करील मेला." सगळे टाळ्या वाजवत होते. बाबांनी चष्मा पुसायला काढला. मी खाली वाकून मिओरीचा मोजा सारखा करत बसले. तो सारखाच होता.

सामना संपला की आमचे खेळाडू दाराशी रांगेत उभे राहून लोकांना निरोप देतात. लग्नाकार्याचा काळा कोट घातलेले बाबा थेट मुख्य प्रशिक्षक हातानाकांपुढे गेले आणि वाकले. हातात पिशवी होती. दुखऱ्या जागी चिकटवायच्या औषधी पट्ट्यांची, गल्लीने मिळून घेतलेल्या.

"जावयाचा खांदा दुखत असूनही आपण त्याला उतरवलंत. तो बोलायचा नाही, लपवेल. सांभाळून घ्या."

हातानाका रिओतारोकडे वळले. "खांदा? कधीपासून? दुखणं लपवणारा माणूस मला संघात नको, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

रिओतारोने बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला कळलं. त्याने टोपी काढली, मान खाली घातली.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

एवढ्यावर मी गप्प राहिले असते तर त्याने ते कायमचं अंगावर घेतलं असतं. आणि मी क्षणभर गप्प राहिलेही. हे लिहितानाही कान तापतात.

"त्याचा खांदा ठणठणीत आहे," मी म्हणाले. "मी खोटं बोलले. तो आता सुरुवात करत नाही, हे घरी सांगायची मला लाज वाटली."

बाबा पुन्हा वाकले, आता माझ्यासाठी, आणि हातानाकांनी दोनदा सांगेपर्यंत उठले नाहीत.

"उद्या डॉक्टरला खांदा दाखव," हातानाका रिओतारोला म्हणाले. "ठीक असेल तर मंगळवारी शेवटी तूच उतरशील."

बसपाशी बाबांनी पिशवी माझ्या हातात दिली. रागावले नाहीत. "तो छान टाकतो गं," एवढंच म्हणाले.

गाडीत रिओतारोने मिओरीला नीट बसवलं. मग म्हणाला, "तू बाबांना खरं सांगितलं असशील असं समजून मी फोन केला नव्हता." थोड्या वेळाने, "त्यातली एक पट्टी दे. मान आखडलीय."

"खरंच?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "खरंच, साए."

मी पट्टी लावली आणि तिच्या कडा दाबत राहिले, त्या कधीच चिकटल्या होत्या तरी.