मागून फिरवलेला पाना

दादाने बोल्ट कसायचे आणि त्याची पाठ वळली की धाकट्याने ते चोरून पुन्हा कसायचे, असं दोघा भावांच्या गॅरेजमध्ये गेले काही महिने चाललं होतं. दादाला याचा पत्ता नव्हता. त्याचा उजवा हात थरथरायला लागला होता. चहाचा कप बशीवर वाजायचा. वहिनीने धाकट्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "भाऊजी, जरा त्यांच्या मागून बघत जा. पण त्यांना कळू देऊ नका. काम सुटलं तर ते खचतील." धाकट्याने हे इतकं मनावर घेतलं, की दादा पाठमोरा झाला रे झाला की याचा पाना बाहेर.

त्या दिवशी बेकरीवाल्याची व्हॅन आली होती. इंजिनातली टायमिंग चेन बदलायची होती. नवी चेन चढली, खुणा जुळल्या, चेन ताणून धरणारा टेन्शनर बसला. त्याचे बोल्ट दादाने टॉर्क पान्याने कसले. ठरलेला जोर लागला की हा पाना टक् वाजून सांगतो, बास. टक् वाजलं. दादा फोन घ्यायला बाहेर गेला.

धाकट्याने आपला साधा पाना लावला आणि 'असू दे थोडा जास्त' म्हणत ओढला. खालचा बोल्ट आधी जड लागला, मग एकदम हलका झाला. भोकातले आटे ॲल्युमिनियमचे. पोलादी बोल्टापुढे ते किती टिकणार? बोल्ट जागच्या जागी फिरायला लागला. त्याने पाना खिशात टाकला आणि फडका घेऊन उगाच बॉनेट पुसू लागला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, त्यातलाच प्रकार.

झाकण लावण्याआधी सगळ्या बोल्टांवरून बोटं फिरवायची, ही दादाची सवय. खालच्या बोल्टापाशी त्याचं बोट थांबलं. बोल्ट नुसत्या चिमटीने बाहेर आला. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली होती.

"आटे गेले," दादा म्हणाला आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. "मला वाटलं टक् ऐकू आलं. हाताला कळलं नाही, कानालाही नाही."

बोलायची वेळ हीच होती. पण धाकटा म्हणाला, "होतं कधी कधी. इंजिन जुनं आहे."

"इंजिनाला कशाला नावं ठेवतोस? हा बोल्ट चालत्या गाडीत सुटला असता, तर चेन घसरली असती. भर रस्त्यात इंजिन बसलं असतं." दादा स्टुलावर टेकला. "आजपासून इंजिनं तू बघ. मी पंक्चर काढीन."

धाकट्याने मूग गिळले आणि दुरुस्तीला लागला. कीस आत पडू नये म्हणून इंजिनात चिंध्या कोंबल्या, ड्रिलच्या टोकाला ग्रीस फासलं, भोक मोठं केलं. टॅप फिरवून नवे आटे पाडले. आता त्यात पोलादी कॉइल बसवायची, म्हणजे बोल्टाला पुन्हा पकड मिळते. दादा डाव्या हाताने बॅटरीचा उजेड धरून उभा होता, नवशिक्यासारखा. ते धाकट्याला बघवेना. ज्याने आपल्या हातात पहिला पाना दिला, त्याला आपण पंक्चर काढायला बसवतोय, आणि तेही आपल्याच चुकीसाठी. कॉइल बसली तेव्हा त्याला स्वतःची किळस आली होती.

"दादा, तू बरोबर कसला होतास. आटे मी घालवले. तू गेल्यावर मी पुन्हा ओढला."

दादाने बॅटरी विझवली. "का?"

"तुझा हात... मी नेहमीच ओढतो. तो थरथरायला लागल्यापासून." वहिनीचं नाव त्याने घेतलं नाही, तेवढं तरी जमलं.

"एखादा सैल सापडला कधी?"

"बघितलंच नाही. ओढायचो नुसता."

दादाने बॅटरी खाली ठेवली. मग म्हणाला, "एकही गाडी परत आली नव्हती. रोज झोपताना मी तेवढंच धरून होतो. म्हणायचो, हात हलतो, पण काम हलत नाही. आता ते काम माझं होतं की तुझं, कसं कळायचं?"

धाकट्याला वाटलं होतं, खरं सांगितलं की दादाचं ओझं उतरेल. उतरलं होतं ते फक्त त्याचं स्वतःचं.

दादाने बोल्ट बोटांनी लावला, टॉर्क पान्याने कसला. टक् वाजलं. मग पाना त्याने धाकट्यापुढे धरला. "घे, बघ."

"नको, ठीकच असेल."

"माझ्यासमोर बघ."

धाकट्याने पाना लावला. बोल्ट तसूभरही न हलता पाना टक् वाजला. सुटल्यासारखं होऊन त्याने वर पाहिलं, पण दादा हसला नव्हता.

"हा नीट आहे," दादा म्हणाला. "पण बाकीच्या गाड्यांत तू जे जे ओढलंयस, तिथले आटे कशावर टिकून आहेत, देव जाणे."

हा विचार धाकट्याच्या मनाला कधी शिवलाच नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढे रस्त्यावर धावणाऱ्या गाड्या यायला लागल्या: डॉक्टरीणबाईंची, शाळेची, सासऱ्यांची.

"एकेकाला फोन लाव," दादा म्हणाला, "आणि सांग, माझ्या हाताने कसलेलं तू बिघडवलंयस."