बाकीचे कॉम्प्युटर काय म्हणतील

"चालू होतो, कंपनीचं नाव दाखवतो आणि पुन्हा बंद. परवापासून हेच नाटक चाललंय," असं म्हणत म्हाताऱ्याने धापा टाकत कॉम्प्युटरचा डबा आम्रपालीच्या काउंटरवर ठेवला. तिने मान वर केली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. अख्ख्या वारज्यात दुरुस्तीची एवढी दुकानं, पण रंगनाथराव नेमके तिच्याच दारात आले होते.

चार वर्षांपूर्वी तिचे वडील, भीमराव, पेढ्यांचा पुडा घेऊन याच माणसाकडे गेले होते. सोबत आम्रपालीही होती. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने मिळाल्यातच जमा होत्या. मग रंगनाथरावांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, घरात मटण-मच्छी शिजते का तेही विचारलं आणि म्हणाले, "माझं काही नाही हो, पण बाकीचे भाडेकरू काय म्हणतील?" पुडा तसाच परत आला. "बरं झालं, अंधारं घर होतं," भीमराव म्हणाले. स्वतः मात्र अजूनही तळमजल्यावरच्या खोलीत भर दुपारी ट्यूब लावून पेपर वाचायचे. त्या दिवसापासून त्यांनी पेढ्याला हात लावला नव्हता.

म्हाताऱ्याने तिला काही ओळखलं नव्हतं. आता बरा सापडलास, आम्रपाली मनात म्हणाली.

"आडनाव?"

त्यांनी सांगितलं.

"मूळ गाव? घरात मटण-मच्छी?"

"छे, छे."

"विचारावं लागतं हो. माणूस कसा आहे ते आधी कळलेलं बरं."

तिला वाटलं, झोंबेल. पण कसलं काय! रंगनाथराव खुलले. त्यांनी गाव सांगितलं, कुलदैवत सांगितलं, पणजोबांनी बांधलेल्या विहिरीचं कौतुक सांगितलं. हे प्रश्न त्यांना जन्मात कधी टोचलेच नव्हते.

तणतणतच तिने डबा उघडला. मेमरीची पट्टी धुळीने माखली होती. तिने ती काढली, खोडरबराने घासली, परत बसवली आणि डबा दुकानातल्या स्क्रीनला जोडला. स्क्रीन लागली आणि या खेपेला लागलेलीच राहिली.

"वा! इतकी चौकशी करणारी माणसं हल्ली राहिली नाहीत," रंगनाथराव म्हणाले. "माझ्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, दुसऱ्या मजल्यावर. तुमच्यासारखं कुणी असलं तर सांगा. तुम्हालाच हव्या असतील तर आत्ता दिल्या."

"हव्यात ना. माझं आडनाव कांबळे."

ते स्क्रीनकडे बघत राहिले. "म्हणजे काय, पुतण्या येतो म्हणतोय तिथे राहायला. माझं काही नाही हो, पण..."

आम्रपालीने बटण बंद केलं. पट्टी उपसून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि झाकण लावलं.

"माझंही काही नाही हो काका. पण हे बाकीचे कॉम्प्युटर काय म्हणतील? उचला."

डबा पोटाशी धरून रंगनाथराव पायरी उतरले. ते वळणापर्यंत जाईतो ती दारात उभी राहिली. तिला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

संध्याकाळी ती पेढे घेऊन घरी गेली. सगळं ऐकून भीमराव ठसका लागेपर्यंत हसले.

"परत सांग. 'उचला' म्हणालीस? मग तो काय म्हणाला?"

तिने परत सांगितलं. त्यांनी एक पेढा खाल्ला. दुसरा उचलला, पण तो हातातच राहिला. वर ट्यूब नेहमीसारखी गुणगुणत होती.

"घर मात्र झकास होतं गं," भीमराव म्हणाले. "आपण गेलो तेव्हा ऊन पार ओट्यापर्यंत आलं होतं."