उजव्या खिशातली कार्डं

१९९३ सालची गोष्ट. कचेऱ्यांत संगणक आले आणि टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकवर माश्या मारायची वेळ आली. दोन महिन्यांत काम मिळालं नाही तर दुकान सोडावं लागणार होतं.

“शंभर कार्डं छापलीत. एकही परत आणायचं नाही,” बायकोने बजावलं.

विमा एजंट मेव्हणा त्यांना व्यावसायिकांच्या मेळाव्याला ओढून घेऊन गेला. “भाऊजी, हसायचं, हात मिळवायचा, कार्ड द्यायचं. आणि तो चष्मा काढा, म्हातारे दिसता.”

जन्मभर यंत्रांशी बोललेल्या माणसाला घाम फुटला, पण ते हसले, हात मिळवले, कार्डं दिली. घरी आले ते छाती फुगवूनच.

बायकोने कोटाचा डावा खिसा चाचपला. शंभरच्या शंभर. “मग तिथे वाटलंत काय?”

त्यांनी उजव्या खिशात उरलेलं कार्ड चष्मा लावून वाचलं आणि मटकन खाली बसले. लोकांनी दिलेली कार्डंच त्यांनी लोकांना वाटली होती.

“कोण लक्षात ठेवतंय,” सोबत आलेला मेव्हणा म्हणाला.

“घोळ घातलाय, तर निस्तरून या,” बायको म्हणाली.

आयोजकांकडून पत्ते घेऊन ते दारोदार माफी मागत फिरले. रक्त तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवलं.

“तुम्हीच का ते? काल एक गृहस्थ माझं कार्ड घेऊन आले. मांडीवर टाइपरायटर. नंबर लागला तसं आमच्या इथे काम करणाऱ्या मुलीने त्यांचं रक्त काढून घेतलं.”

“मग ते काही बोलले नाहीत?”

“त्यांना वाटलं, इथली पद्धतच असेल.”

मेकॅनिकचे कान लाल झाले. नजर चुकवायला त्यांनी टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाला हात लावला. “बाई, हे चाक अडकतं?”

“वर्ष झालं.”

त्यांनी खिशातला पेचकस काढला. तासाभराने चाक लोण्यासारखं फिरू लागलं. तोवर बाईंच्या आईचं गुडघ्याचं दुखणंही त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं होतं.

बाईंनी आणखी चार प्रयोगशाळांत त्यांचं नाव सांगितलं. दुकान पुढे एकोणीस वर्षं चाललं. मेव्हणा निवृत्त झाला, आता वाचनालयात एकटाच बसतो. टाइपरायटरवाल्या गृहस्थांना त्या रक्ततपासणीत साखर निघाली. वेळेत कळली, म्हणून अजून ठणठणीत आहेत. मेकॅनिकच्या आधी त्यांची बायको वारली.

वयाने हात थरथरायला लागले तेव्हा ते स्वतःहून एका दुसऱ्या कारागिराला बाईंकडे घेऊन गेले, ओळख करून दिली. तो काम करत होता तोवर ते पाठीमागे हात बांधून उभे राहिले. एकदाही मध्ये बोलले नाहीत.