हेस्टियाच्या पहिल्या घासाची वाटी

पृथ्वीवरून ग्रीक देवांच्या ऑलिंपस पर्वताकडे निघालेला पहिला घास माझ्या हातून गेला आहे. देव आणि माणूस यांच्यामधला दुवा म्हणून इतिहासाने माझी नोंद घ्यायला हरकत नाही. तशी मी एक जुनी स्टीलची वाटी आहे. आमटीची. एका बाजूला पोचा आहे.

मित्रांनो, आत्मवृत्तात जन्माची हकीकत लांबवायची पद्धत आहे. पण ठप्पा एकदाच पडतो आणि वाटी तयार होते. नागपूरला इतवारीतल्या एका दुकानातून एका बाईंनी मला घेतलं. दुकानदाराने विजेच्या सुईने टर्र आवाज करत माझ्या बुडावर नाव घातलं: 'ईश्वरला, आईकडून'. ईश्वर म्हणजे त्यांचा मुलगा. तो कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी अमेरिकेला निघाला होता. मी त्याच्या बॅगेत मोज्यांमध्ये बसून आले.

जर्सी सिटीच्या भाड्याच्या खोलीत ईश्वर एकटाच दहीभात खायचा, तो माझ्यातून. पुढे संघमित्राशी लग्न झालं, मैत्री जन्मली, शिकागोजवळ शॉमबर्गला घर झालं. घरात काचेचे बोल आले. मी खणाच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या डब्यांच्या झाकणांखाली गेले. त्यातल्या एकाही झाकणाला डबा नव्हता. बारा वर्षं अशा संगतीत काढली.

मग सोळा वर्षांच्या मैत्रीने मला बाहेर काढलं.

शाळेत तिला ग्रीक देवांचा नाद लागला होता. बहुतेक देवांची लफडी वाचून तिने त्यांना नापास केलं. शेवटी उरली हेस्टिया, चुलीची देवी. ही भांडत नाही, शाप देत नाही, कोणाच्या मागे लागत नाही. जेवणातला पहिला आणि शेवटचा घास तिला दिला की झालं. आजही अमेरिकेत तिला मानणारे लोक आहेत. मैत्री त्यांचं लिहिलेलं वाचायची आणि रोज जेवणातला एक घास माझ्यात घालून वर आपल्या खोलीत न्यायची. कपाटात, बुटांच्या मागे, सेलवर चालणाऱ्या मेणबत्तीपुढे मला ठेवायची. "थँक यू, हेस्टिया," एवढीच पूजा. सकाळी तो घास अंगणातल्या मेपलच्या झाडाखाली जायचा आणि एक खार तो खायची. देवीचा आणि खारीचा आपसात काय करार होता, मला ठाऊक नाही.

हे सगळं चोरून चालायचं. कारण घर आंबेडकरी बौद्धांचं. दिवाणखान्यात बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, आणि देवांची नावं घेऊन त्यांना नाकारणाऱ्या बावीस प्रतिज्ञा ईश्वरना तोंडपाठ. आपल्या मुलीने कपाटात देवी बसवलीय हे त्यांना कळलं असतं, तर काय झालं असतं? मैत्रीची छाती याच प्रश्नाने धडधडायची. मी तिच्या हातात असायचे, मला कळायचं.

त्या रविवारी बुद्धपौर्णिमेची वंदना घरी होती. मे महिना, पण शॉमबर्गचा. पाहुणे कोट घालून आले. मैत्रीने पातेल्यातली खीर सगळ्यांच्या आधी माझ्यात काठोकाठ घेतली आणि कपाटापाशी आली. आज सण, म्हणून आज तिने खरी मेणबत्ती लावली.

"मैत्री! फुलं कुठे ठेवलीस?" खालून आईची हाक आली.

"कमिंग!" ती पळाली. दोन मिनिटांत परत येणार होती.

तिच्याऐवजी आल्या संघमित्राच्या मैत्रीण अपर्णामावशी. बाकी सगळ्यांचे कोट पलंगावर होते. मावशींचा कोट नवा, त्याला सुरकुती पडून चालणार नव्हती. त्यांनी कपाट उघडलं, खाली न बघता कोट टांगला, दार अर्धवट लोटलं आणि गेल्या. कोटाचा कापडी पट्टा सुटून ज्योतीपासून चार बोटांवर लोंबू लागला.

खाली 'बुद्धं सरणं गच्छामि', त्रिसरण सुरू झालं. आता कोणी उठणार नाही, मैत्रीसुद्धा, हे मला माहीत होतं.

हीटर लागला. जमिनीतल्या जाळीतून हवा आली आणि पट्टा हलला. मित्रांनो, वाटीला ओरडता येत नाही. कोणी आपटलं तर मोठा आवाज करता येतो, पण आपटायला कोणीतरी लागतं. पंचशील सुरू झालं. पट्टा डावीकडे गेला, परत आला. दुसरं शील. पट्टा घसरून आणखी खाली आला. मी देवीला म्हटलं, बाई, चूल तुमच्या खात्यातली, काही बघा. देवी गप्प. तिचा स्वभावच शांत. चौथ्या शीलाला टोक काळं झालं. पाचव्याला पेटलं.

धुराचा अलार्म किंचाळला तेव्हा खालचे सूर थांबले आणि जिना दणाणला. सगळ्यात पुढे ईश्वर. त्यांनी कपाट उघडलं. ज्वाळा पट्ट्यावरून बाहीकडे निघाली होती. त्यांनी हाताला जे लागलं ते उचललं, म्हणजे मला, आणि खीर थेट आगीवर फेकली.

आग विझली. तांदूळ आणि वेलची बाहीवरून ओघळत राहिली.

ईश्वरनी मला उलटं करून नाव वाचलं. मग बुटांमागची मेणबत्ती पाहिली. दारात मैत्री उभी होती, पांढऱ्या कुर्त्यात, त्याहून पांढऱ्या चेहऱ्याने.

"हे काय आहे?"

"हेस्टिया. ग्रीक गॉडेस. घर सांभाळते."

"बरं सांभाळते गं," अपर्णामावशी कोटाकडे बघत म्हणाल्या. "माझ्यापासून सुरुवात केली."

"तुला प्रतिज्ञा माहीत आहेत," ईश्वर म्हणाले.

"मी बावीसच्या बावीस वाचल्या, बाबा. हेस्टियाचं नाव नाहीये."

"वकील करा हिला," मावशी पुटपुटल्या.

"नाव नसलं तरी अर्थ आहे! माझ्या आजीला देवळाच्या पायरीखाली उभं करायचे. म्हणून आपण देव सोडले. माणूस म्हणून ताठ उभं राहायला."

"आय नो. पण इथे पायरीच नाही, बाबा. टेम्पल नाही, पुजारी नाही. स्टोव्ह असला की कोणीही करू शकतं."

"इंडक्शन चालतो का?" मावशींनी विचारलं. संघमित्रा डोळे वटारून म्हणाली, "अपर्णा, यार!"

"मागतेस काय तिच्याकडे?" ईश्वरनी विचारलं.

"काहीच नाही. जेवण मिळालं म्हणून थँक यू म्हणते. खाली तुम्ही मेणबत्ती लावता, तेव्हा तुम्ही काही मागता?"

"नाही. तो आदर आहे."

"मग?"

अलार्म अजून ओरडत होता. तो संघमित्राने उशी मारून बंद केला.

"आर यू गोइंग टू मेक मी स्टॉप?" मैत्रीने विचारलं.

ईश्वरनी मला इतकं घट्ट धरलं होतं की दुसरा पोचा येतो की काय असं वाटलं.

"मला हे पटलेलं नाही," ते सावकाश म्हणाले. "पटणारही नाही. मी हात जोडणार नाही. पण आपल्या घरात लपून काही करायचं नाही. करायचं तर खाली, टेबलावर, माझ्यासमोर. खरी ज्योत नाही. आणि मी प्रश्न विचारणार."

"ओके."

"रोज विचारणार."

"ओके, बाबा." ती रडायला लागली.

"आणि ही वाटी माझ्या आईने दिलीय. ही मिळणार नाही. दुसरं काहीतरी बघ."

अशी माझी देवीची नोकरी गेली. माझ्या जागी आता ईश्वरांच्या ऑफिसातला कान तुटलेला कॉफीचा मग काम करतो. त्याच्या पात्रतेबद्दल मी बोलणार नाही. मी परत दहीभाताला लागले. ईश्वर शब्दाला जागतात, रोज प्रश्न विचारतात. परवा विचारलं, "हिला लोणचं चालतं का?" मैत्री मगात पहिला घास घालते, तोवर त्यांचा चमचा हवेत थांबलेला असतो. संघमित्राने एकदा त्याचं कारण विचारलं. म्हणाले, "दही फार गार आहे."

मित्रांनो, देव मानावेत की नाही, हा मोठा प्रश्न आहे. तो तुम्ही मोठे होऊन सोडवा, किंवा सोडून द्या. माझी विनंती लहान आहे. खीर खाऊन झाली की वाटीत थोडं पाणी घालून ठेवा. वाळली की निघत नाही.