तलवारीचा हेवा

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. शिलाईमास्तरांच्या टेबलावर माझी तीस वर्षं गेली. तुम्ही माझ्यावर आपणहून निबंध लिहाल अशी आशा नसल्यामुळे माझी कहाणी मीच सांगते.

एका लोहाराने मला तापवलं, ठोकलं आणि माझी दोन पाती एका खिळ्यात अडकवली. मास्तरांनी मला आणलं तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. गल्लीतल्या प्रत्येक अंगावरचं कापड मी कापलं आहे. दोन्ही धर्मांच्या गुरूंचे अंगरखेसुद्धा मीच बेतले. एका धर्माचा अंगरखा पिवळा, दुसऱ्याचा निळा. कापताना दोन्ही पांढरेच असत. शिवून झाल्यावर मास्तर प्रत्येकाला रंगाची एक चिंधी टाचत आणि समोरच्या रंगाऱ्याकडे पाठवत. तो चिंधी बघून कापड त्या रंगात बुडवी. वीस वर्षांत दोघांमध्ये याहून जास्त बोलण्याची गरज पडली नव्हती.

माझं सगळं बरं चाललं होतं. मग मास्तरांच्या मेहुण्याने तलवार आणली.

बंद पडलेल्या नाटक कंपनीतली ती पत्र्याची तलवार. आयुष्यात तिने काकडी कापली नसेल. पण ती भिंतीवर, आणि मी तिच्या बरोबर खाली, खडूच्या भुकटीत. गिऱ्हाइकं माप देता देता मान वर करून म्हणत, "वा! काय तेज आहे!" तेज कसलं, चुना आणि लिंबू! मेहुणा तिला दर आठवड्याला घासायचा. मला मात्र धार बोथट झाल्याशिवाय कुणी विचारत नसे. मी आतल्या आत इतकी जळत होते की माझं पोलाद मऊ कसं पडलं नाही, याचंच मला नवल वाटतं.

एका सकाळी मेहुणा म्हणाला, "दाजी, जरा ही धरा ना, मूठ घासतो." मास्तरांनी एका हाताने तलवार धरली आणि दुसऱ्या हाताने, न बघता, दोन्ही गुरूंच्या अंगरख्यांना चिंध्या टाचल्या.

अदलाबदल झाली.

चार दिवसांनी मास्तरांच्या धर्मगुरूंच्या घरी निळा अंगरखा पोचला. दुसऱ्या गुरूंकडे पिवळा गेला होता, पण ते परगावी असल्याने तिकडचा संताप अजून गाठोड्यात बांधलेला होता. इकडचा मात्र दुपारपर्यंत रस्त्यावर आला. रंगारी निळ्यांपैकी, म्हणजे त्याने मुद्दाम केलं, असं ठरलं. त्याला विचारावं असं कुणाला सुचलं नाही.

मेहुणा स्टुलावर चढला आणि तलवार घेऊन धावला. दाराच्या चौकटीला लागून ती मधोमध वाकली.

"अरे, पत्र्याने कुणाला भिववतोस?" त्याची बहीण, म्हणजे मास्तरांची बायको, ओरडली. "घरात ये आधी!"

गर्दीत कुणीतरी फिदीफिदी हसलं. मेहुण्याचा चेहरा पडला. त्याने तलवार टाकली आणि मला उचललं.

मित्रांनो, सांगायला लाज वाटते, पण मी आनंदून गेले. टोक पुढे करून मला आजवर कुणी धरलं नव्हतं. अख्खी गल्ली माझ्याकडे बघत होती. खाली पडलेल्या तलवारीकडे मी ऐटीत पाहिलंसुद्धा.

रंगाऱ्याच्या दारात मास्तर आधीच उभे होते, गळ्यात टेप तशीच लटकलेली. मागे रंगारी, कोपरापर्यंत निळा.

"दाजी, बाजूला व्हा."

"चिंध्या मी टाचल्या. चुकलो मी. त्याने चिंधी बघून रंगवलं."

"तुम्ही आपल्यातले असून त्याची बाजू घेता?"

"बाजू कसली? चूक माझी आहे. मारायचंच असेल तर इथे, छातीत मार. माप माहीत आहे तुला." मास्तरांनी हात पुढे केला. "कात्री दे इकडे."

त्याने दिली नाही. मास्तरांनी माझी अर्धवट उघडी पाती मुठीत घट्ट धरली. मेहुण्याने ओढलं. कापड आणि माणूस यातला फरक मला तेव्हा कळला. कापड गप्प राहतं. मास्तर कळवळले, पण त्यांनी मूठ सोडली नाही आणि दुसरा हात उगारलाही नाही.

मेहुण्याने रक्त पाहिलं आणि मूठ सैल केली. "दाजी... सोडा हो," तो रडवेला होऊन म्हणाला. रंगाऱ्याने निळ्या हातांनीच जखम बांधली. मारायला कुणी उरलं नाही म्हणून गर्दीने अंगरखा कधी मिळेल ते विचारलं आणि ती पांगली.

मास्तरांचा अंगठा आता वाकत नाही. कापायचं काम मेहुणा शिकतो आहे. तलवार ठोकून सरळ केली आणि पुन्हा भिंतीवर लावली. लोक तिची अजून स्तुती करतात, आणि खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा अजूनही वाटतो. फक्त कारण बदललं. तिने कधी कुणाला कापलेलं नाही.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. मला धार लावा, तेल द्या. आणि दुसऱ्याच्या हाती देताना माझी पाती आपल्या मुठीत घ्या, माझी मूठ त्याच्याकडे करा.