हसरी पोर, तापट बाई

“हसते म्हून खूश हाये, असं कोनी सांगतलं तुमाले?” नीलाबाईनं पळी पातेल्यावर आपटली.

स्वाती मॅडम दचकल्या. आश्रमशाळेच्या या नव्या अधीक्षिका चंद्रपूरला प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. हातात मुलींच्या स्वभावाचा तक्ता. त्यात आठ वर्षांच्या बुधरीला सगळ्यांत जास्त गुण होते. हसरी, बोलकी, मिळूनमिसळून राहणारी.

“अहो, छान रमलीय ती.”

“रमली नाई. दर बाजाराच्या दिवशी ‘माहा बाबा आला का?’ म्हून मले भंडावून सोडे. तीन बाजार झाले, इचारतच नाई. पोरीनं मनाशी कायतरी ठरवलं हाये. गुरुजी, तिच्या बापाले निरोप धाडा. आजच.”

मुख्याध्यापक देवाजी गुरुजींनी मान वर केली. नीलाबाई वीस वर्षं इथं भात रांधत होती. कोणत्या पोरीला काय दुखतंय, ते तिला ताट वाढतानाच कळे. गुरुजी हे जाणून आहेत, हेही तिला ठाऊक होतं. पण तिचं बोलणं झोंबे आणि मॅडमचं कानाला गोड लागे.

“बाई, तुम्ही स्वयंपाकाचं बघा,” ते म्हणाले.

चौथ्या दिवशी पहाटे बुधरीचं अंथरूण रिकामं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती तिच्या गावाच्या वाटेवर जंगलात सापडली, तापानं फणफणलेली, तळपाय सोललेले. शोधायला आलेल्या बापानं तिला पाठीवर घेतलं.

“नाव काटा गुरुजी,” तो एवढंच म्हणाला. “आता शाळा नाई.”

चौकशीला साहेब आले. मॅडम हमसून हमसून रडल्या. नीलाबाई रडली नाही. उलट साहेबांनाच म्हणाली, “आता काऊन इचारता? तवा कुठी होते?”

साहेबांनी तेवढं लिहून घेतलं.

दोन दिवसांनी गुरुजींनी तिला कागद वाचून दाखवला. स्वयंपाकीण स्वभावानं तापट. तिच्या धाकानं मुलगी पळाली. कामावरून कमी करावं. खाली गुरुजींची सही होती.

“तापट तं हावच मी,” ती म्हणाली. “पन पोरीनं तीन बाजार बापाचं इचारलं नाई, ते कुठी लिवलं?”

“त्याला रकाना नाही, बाई.” गुरुजींनी मान वर केली नाही.

तिनं अंगठा टेकवला. शाई पदराला पुसली. चुलीवर चाळीस पोरींचा भात रटरटत होता. तो उतरवून तिनं झाकण ठेवलं, निखारे मागे ओढले आणि मगच चपला घातल्या.